वर गेलेला हात

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एका ठरावाच्या बाजूने हात वर केला. यापुढे कोणत्याही सभासदाने आपली सदनिका अविवाहित भाडेकरूंना देऊ नये, आणि ज्यांनी दिली असेल त्यांनी करार संपताच ती रिकामी करून घ्यावी, असा तो ठराव होता. असा ठराव कायद्यापुढे टिकेल की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्या संध्याकाळी तो कोणी विचारलाही नाही. रोख दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तीन परिचारिकांवर होता, हे सर्वांना ठाऊक होते. या मुली रात्रपाळी करून सकाळी परततात, आणि जिन्यात भेटल्यावर ‘नमस्कार काका’ यापलीकडे त्यांचा आवाज मी दोन वर्षांत ऐकलेला नाही. ठराव मला अन्यायाचा वाटत होता आणि सभेला निघण्यापूर्वी मी घरी तसे तावातावाने बोललोही होतो. तरीही पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून चाळीसेक हात एकामागून एक वर जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यात माझाही एक होता. सचिवांनी एकदा नजर फिरवली, ‘सर्वानुमते मंजूर’ असे म्हटले, आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय निघाला.

सभेनंतर लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ दार बंद होईपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, ‘खरं सांगायचं तर मला काही हे पटलं नव्हतं.’ पुढच्या आठवड्याभरात आणखी दोघांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितले, आणि दोघांनीही सांगताना आवाज उतरवला होता. म्हणजे त्या सर्वानुमतात निदान चार माणसे अशी होती की ज्यांचे मत विरुद्ध होते, आणि प्रत्येकाची समजूत अशी होती की आपण एकटेच आहोत.

मला कोणी धमकावले नव्हते. विरोध केला असता तर पाणी तोडले जाणार नव्हते की गाडीची जागा जाणार नव्हती. फार तर चार जणांनी मान वळवून पाहिले असते. एवढ्यासाठी माणूस आपले मत खिशात घालतो, हे मला नवे नव्हते. परंतु तो माणूस मी असेन असे वाटले नव्हते.

या विषयावरचा सर्वांत साधा आणि कदाचित म्हणूनच सर्वांत बोचरा प्रयोग सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने केला. ॲश १९०७ साली वॉर्सामध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि १९२० साली अमेरिकेत गेला. लहानपणची एक आठवण तो सांगत असे. वल्हांडण सणाच्या रात्री जेवणाच्या मेजावर द्राक्षारसाचा एक पेला जास्तीचा भरून ठेवतात. तो एलीया संदेष्ट्यासाठी असतो. संदेष्टा येऊन त्यातला घोट घेतो, नीट लक्ष ठेव म्हणजे कळेल, असे घरातल्या मोठ्यांनी त्याला सांगितले. सात वर्षांच्या ॲशने टक लावून पाहिले, आणि पेल्यातली पातळी किंचित खाली गेल्यासारखी त्याला खरोखरच वाटली.

ही आठवण मी वाचली तेव्हा मला माझा चमचा आठवला. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता. दिल्लीतल्या एका देवळात गणपतीची मूर्ती दूध पीत असल्याची बातमी पहाटे निघाली, आणि मोबाइल नसलेल्या त्या काळात केवळ टेलिफोनवरून ती काही तासांत देशभर, इतकेच काय लंडनमधल्या देवळांपर्यंत जाऊन पोचली. मी तेव्हा कोल्हापुरात भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पृष्ठताण म्हणजे काय हे मला परीक्षेपुरते तरी चांगले येत होते. आजीने हातात स्टीलचे भांडे दिले आणि आम्ही दोघे रांगेत उभे राहिलो, जी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दूधवाल्याच्या दुकानाच्याही पुढे गेली होती. तास-दीड तासाने पाळी आली. काठोकाठ भरलेला चमचा मी सोंडेला टेकवला, पुजाऱ्याने तो किंचित तिरका करायला सांगितले, आणि दूध हळूहळू कमी होत गेले. ‘प्यायला ना?’ असे आजीने विचारले. मी ‘हो’ म्हणालो.

चमचा रिकामा होताना मी पाहिला होता. मूर्तीच्या पोटावरून खाली उतरणारी, पांढऱ्या संगमरवरावर जवळजवळ न दिसणारी ओली रेघही मी पाहिली होती, आणि गाभाऱ्याच्या मागच्या मोरीजवळ ठेवलेली बादलीसुद्धा. काठाशी आलेले दूध मूर्तीच्या स्पर्शाने ओढले जाऊन पातळ थराने खाली वाहते, हे त्याच दिवशी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही हेच सांगत होते. ते स्पष्टीकरण माझ्या वहीत आधीपासून होते. परंतु आजीला ‘हो’ म्हणताना मी खोटे बोललो नव्हतो, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते. रांगेत पुढच्या दोनशे माणसांनी जे पाहिले तेच मी पाहिले, आणि ओली रेघ व बादली या दोन गोष्टी डोळ्यांना दिसूनही मनाने त्यांची नोंद केली नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, येथे तर मुखे लाखो होती.

आता ॲशच्या प्रयोगाकडे येतो. १९५०च्या सुमारास त्याने अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांतील तरुण विद्यार्थ्यांना सात-आठ जणांच्या गटात बसवले. त्यांना दोन कार्डे दाखवली जात. एकावर एक उभी रेघ असे, दुसऱ्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तीन, आणि त्या तिघींपैकी पहिल्या रेघेइतकी लांब कोणती एवढेच प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. उत्तर इतके उघड होते की एकट्याने बसून सांगताना शंभरात एकही चूक होत नसे. गोम अशी होती की गटातला एकच विद्यार्थी अजाण होता, बाकीचे सगळे ॲशने आधी पढवलेले होते, आणि अजाण विद्यार्थ्याची पाळी शेवटी किंवा शेवटून दुसरी येई अशी त्याची खुर्ची ठेवलेली असे. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत पढवलेली मंडळी एकमुखाने चुकीची रेघ सांगत. अशा वेळी अजाण विद्यार्थ्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरे गटाच्या चुकीमागे गेली, आणि निदान एकदा तरी री ओढणाऱ्यांचे प्रमाण पाऊणाच्या आसपास निघाले.

या प्रयोगाबद्दल सांगताना बहुतेक जण येथेच थांबतात आणि माणूस म्हणजे मेंढरू असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. मला तो आळस वाटतो. ३७ टक्के उत्तरे वाहवत गेली याचा अर्थ ६३ टक्के उत्तरे सात जणांच्या तोंडावर बरोबर दिली गेली, आणि एक चतुर्थांश विद्यार्थी तर एकदाही हलले नाहीत. माणसे मेंढरे नसतात. माणसांना एकटे पडण्याची किंमत मोजावी लागते. काही जण ती मोजतात, काही मोजत नाहीत, आणि बरेच जण कधी मोजतात तर कधी उधार ठेवतात. वाहवत गेलेल्यांना ॲशने नंतर विचारले तेव्हा काहींनी सांगितले की माझेच डोळे चुकत असावेत असे वाटले. काहींनी सांगितले की मला बरोबर दिसत होते, पण सगळ्यांपेक्षा वेगळे बोलणे जमले नाही. हीच उत्तरे कागदावर गुपचूप लिहायला सांगितली तेव्हा शरणागती पुष्कळ कमी झाली.

या दोन जबाबांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या दोन गोष्टींत तोच फरक आहे. देवळात मी इतरांचे डोळे उसने घेतले होते. पार्किंगमध्ये डोळे माझेच होते, आणि ते ठीक चालत होते. मी फक्त तोंड मिटले आणि हात उचलला. आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज’ असे म्हणतात. म्हण लाजेच्या दोन जागा धरते हे बरोबरच आहे, पण जनाची लाज सुटली तरी मनाची उरेल असे ती गृहीत धरते. माझ्या बाबतीत त्या संध्याकाळी जनाची लाजच मनाच्या लाजेवर चढून बसली होती.

ॲशच्या खोलीतली माणसे मात्र एकमेकांना परकी होती. तासाभराने ती आपापल्या वाटेने जाणार होती, पुन्हा कदाचित भेटणारही नव्हती. खऱ्या आयुष्यात दडपण ज्यांचे येते ती माणसे अशी निघून जात नाहीत. ती रात्री जेवायला शेजारी असतात. म्हणून या विषयाचा विचार करताना मला प्रयोगशाळेपेक्षा एकोणिसाव्या शतकातले पुणे अधिक शिकवून जाते, आणि त्यातही महादेव गोविंद रानडे.

१८७३ साली रानडे यांची पहिली पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, पुण्यात न्यायाधीश होते, आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी म्हणून ओळखले जात होते. त्यांनी दुसरे लग्न केले तर ते एखाद्या विधवेशी करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि त्यांच्या वडिलांची, गोविंदरावांची, भीतीही तीच होती. म्हणून वडिलांनी घाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात रानडे यांचे लग्न अकरा वर्षांच्या कुमारिकेशी झाले. त्या मुलीने, म्हणजे रमाबाईंनी, पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. त्या वाचताना जाणवते की या घरात कोणी खलनायक नव्हता. गोविंदराव मुलावर जीव टाकणारे वडील होते, आणि रानडे हे वडिलांसमोर आवाज न चढवणारे मुलगे होते. सरकारी न्यायासनावरून निर्भयपणे निकाल देणाऱ्या या माणसाला आपल्याच घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणणे जमले नाही. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल कधी पूर्ण क्षमा केली नाही.

सतरा वर्षांनी तीच गोष्ट वेगळ्या रूपाने पुन्हा पुढे आली. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातली नामांकित मंडळी जमली होती. कार्यक्रमानंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता कप हातात धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी, ज्यांना असल्या खोड्या काढण्याची विलक्षण हौस होती, उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायल्यावरून ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्त ठरले. आरोपींच्या यादीत रानडेही होते आणि लोकमान्य टिळकही. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले.

ग्रामण्य म्हणजे काय, याची कल्पना आज नीट येत नाही. कोणी मारायला येत नसे. भटजी श्राद्धाला यायचे बंद होत. पंक्तीत पान मांडले जात नसे. मुंजीची, लग्नाची आमंत्रणे थांबत. आणि सर्वांत वाईट म्हणजे शिक्षा ज्याने कप उचलला त्याच्यापुरती राहत नसे. सासरी नांदणाऱ्या त्याच्या मुलीला माहेरी यायची बंदी होई, त्याची म्हातारी आई हळदीकुंकवाला एकटी पडे, आणि त्याच्याशी संबंध ठेवणारा मित्रही आपोआप वाळीत जाई. स्वतः सोसायला तयार असलेला माणूससुद्धा दुसऱ्याच्या सोसण्यापुढे ढिला पडतो, हे त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते.

रानडे यांनी दोन वर्षे प्रायश्चित्त घेतले नाही. १८९२ साली त्यांनी ते घेतले, आणि घेतले ते मित्रांच्या अडचणीखातर. आपण घेतले म्हणजे इतरांचा मार्ग सुकर होईल आणि त्यांच्या घरातला क्लेश थांबेल, असा त्यांचा विचार होता. मी कॉलेजात असताना हा प्रसंग वाचून मला रानडे यांचा राग आला होता. आज येत नाही, निदान तेवढा तरी येत नाही. भिणे आणि दुसऱ्याच्या घरातले रडणे न पाहवणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. परंतु मला हेही नाकारता येत नाही की परिणाम दोन्हींचा एकच झाला: ज्यांनी त्यांच्याकडे पाहून पाऊल उचलले होते, त्यांच्या पायाखालची जमीन त्या दिवशी सरकली.

प्रायश्चित्तानंतर जेमतेम वर्षभराने, ११ मार्च १८९३ रोजी, त्याच पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे एक विधुर प्राध्यापक गोदूबाई नावाच्या बालविधवेशी लग्न करून मोकळे झाले. धोंडो केशव कर्वे हे रानडे यांच्यापेक्षा अधिक शूर होते, असे मला म्हणवत नाही. स्वभावाने ते भिडस्तच होते, आणि त्यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. लग्नानंतर ते कोकणात आपल्या गावी, मुरूडला गेले, तेव्हा गावाने सभा भरवून ठरवले की कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसू नये, आणि त्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकावे. पुन्हा तीच जुनी युक्ती: कर्ता बाजूला राहतो, पिळवटले जातात त्याचे भाऊ आणि आई.

तरी कर्वे मागे फिरले नाहीत, आणि याचे एक कारण मला ॲशच्या प्रयोगात सापडते. ॲशने पुढे गटात एक बदल करून पाहिला. पढवलेल्यांपैकी एकाला त्याने बरोबर उत्तर देण्यास सांगितले, बाकीचे आधीसारखेच चुकत राहिले. केवळ या एका माणसामुळे वाहवत जाण्याचे प्रमाण सुमारे चौथाईवर आले. उलट विरुद्ध बाजूची संख्या वाढवून फारसे काही साधत नव्हते. तिघे जमले की दडपणाचा बहुतेक जोर आलेला असे, मग सात असोत की पंधरा. म्हणजे समोर किती आहेत यापेक्षा शेजारी कोणी आहे की नाही, याला जास्त किंमत आहे. कर्व्यांच्या शेजारी माणसे होती. गोदूबाईंचे भाऊ नरहरपंत हे त्यांचे मुंबईपासूनचे सोबती होते. गोदूबाईंच्या वडिलांची या लग्नाला संमती होती. आणि स्वतः गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकून आलेल्या, आपले मन ओळखणाऱ्या बाई होत्या. रानडे यांच्या १८७३ च्या घरात वडिलांसमोर त्यांच्या बाजूने बोलणारे असे कोण होते, हे शोधायला मी त्या आठवणी पुन्हा चाळल्या. मला कोणी सापडले नाही.

हे सारे सव्वाशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. जातपंचायतींनी आणि गावक्यांनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकण्याचे प्रकार इतके चालू राहिले की महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तो २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. कायदा हवाच होता. मात्र वाळीत टाकण्याचा हुकूम कोणी काढला हे कायद्याला शोधता येते. शेजारणीने त्या दिवसापासून दार लोटून का घेतले, हे त्याच्या कक्षेत येत नाही. दार लोटणारी शेजारीण बहुधा माझ्यासारखीच असते. तिला बहिष्कार पटलेला नसतो. तिला फक्त पहिली व्हायचे नसते.

गेल्या महिन्यात यंदाच्या सभेची सूचना आली. त्या तीन मुलींपैकी एकीने दुसरीकडे घर घेतले आहे, दोघी अजून आहेत, आणि त्यांचा करार दिवाळीनंतर संपतो. मी सचिवांच्या नावे एक अर्ज लिहिला: गेल्या वर्षीचा तो ठराव फेरविचारासाठी घ्यावा, आणि त्यावरचे मतदान हात वर करून न घेता चिठ्ठ्यांनी घ्यावे. चिठ्ठ्यांची कल्पना ॲशच्या गुपचूप लिहिलेल्या उत्तरांवरून सुचली, हे उघड आहे. अर्जात मी त्याचे नाव घातले नाही. आमचे सचिव आधीच मला ‘प्रोफेसर’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

अर्ज घेऊन मी आधी पाचव्या मजल्यावर गेलो. लिफ्टमध्ये बोललेल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला, मजकूर चांगला झाला आहे असे सांगितले, आणि आणखी कोणकोण सही करत आहेत याची चौकशी केली. सगळ्यांच्या झाल्या की माझी आहेच, असे ते म्हणाले. मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, गेल्या वर्षी गुडघ्यामुळे सभेला आल्या नव्हत्या, आणि त्यांच्या पायाला पट्टी बांधायला त्या मुलींपैकी एक अधूनमधून येते हे मला त्यांच्याकडूनच कळले. काकूंनी चष्मा शोधला, अर्ज शेवटपर्यंत वाचला, टीपॉयवरचे पेन उचलले आणि सह्यांच्या जागेवर बोट ठेवून मला विचारले, ‘अरे, यावर तुझी सही कुठे आहे?’

मी पाहिले. पहिली ओळ कोरी होती.